फिजिओथेरपीला नंबर लागला नाही. आता?

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की या सदराकडे फिजिओथेरपीबद्दलची पत्रं एकगठ्ठा येतात. त्यातली चार इथे घेतली आहेत. उत्तरं दोघांनी मिळून दिली आहेत: एक फिजिओथेरपी शिकवणारे, दुसरे प्रवेशप्रक्रियेत मुलांना मदत करणारे.

प्रश्न: बारावीला पीसीबीत ७१ टक्के, नीटला २१४ गुण. ७३ प्रश्न बरोबर, ७८ चूक, २९ सोडले होते. मी ओबीसी आहे, पण जात पडताळणी वेळेत झाली नाही म्हणून खुल्या गटातून राहिले. पसंतीक्रमात मुंबई-पुण्याची मिळून सहा कॉलेजं भरली होती, सगळी बीपीटीएचचीच, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचीच. तीनही फेऱ्यांत नाव आलं नाही. जुलैत हाताशी असावी म्हणून रत्नागिरीला बीएस्सीला जागा घेतली आहे. घरचे म्हणतात, तीच पुरी कर. मला फिजिओच करायचं आहे. बीएस्सी सोडून पूर्णवेळ नीटच्या मागे लागू का? — विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर: तुझा नंबर हुकला त्याला तीन कारणं आहेत. घरात वाद मात्र एकाच कारणावर, म्हणजे गुणांवर, चाललेला दिसतो. गुण कमी पडले हे खरंच. पण राहिलेली पडताळणी आणि आखूड पसंतीक्रम ही दोन्ही कारणं एकही धडा न वाचता दुरुस्त होतात. म्हणून आधी ती बघू.

राज्याच्या सीईटी सेलच्या, म्हणजे प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या कक्षाच्या, संकेतस्थळावर शेवटच्या फेरीची निवडयादी असते. प्रत्येक कॉलेजात ओबीसीमधून शेवटी लागलेल्या मुलाचा राज्य गुणवत्ता क्रमांक त्यातून उतरवून घे आणि शेजारी आपला क्रमांक लिही. गुण ताडू नकोस, क्रमांक ताड. पेपर दरवर्षी सारखा नसतो. २०२४ ला सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ ला भौतिकशास्त्र इतकं जड गेलं की देशात पहिला आलेला ६८६ वर थांबला. त्यामुळे 'अमकीला इतक्या गुणांवर मिळालं होतं' हे ऐकून काही ठरवता येत नाही. कोल्हापूर, सांगली, नगर, नाशिक, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडची कॉलेजं या तक्त्यात घे. यंदाच्याच गुणांवर तुझा क्रमांक कुठे बसला असता ते एका संध्याकाळी कळेल.

पसंतीक्रम लांब भरल्याने नुकसान होत नाही. वरची जागा मिळत असताना खालची कुणी देत नाही. क्रम लावताना 'इथे मिळेल, तिथे नाही मिळणार' असा अंदाज बांधायचा नाही, जिथे खरोखर जायचं आहे ते वर. आणखी एक, ज्यात दरवर्षी मुलं फसतात: मिळालेल्या जागेवर हजर झाल्यावर तीच कायम हवी असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा असतो. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरची पसंती लागली, तर आधीची जागा आपोआप जाते. मग ती कितीही सोयीची असो.

आता पडताळणी. हे काम आजच काढ, मेमध्ये नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. कोकणात घोडं अडतं ते आडनावावर. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत कुळाचं आडनाव असतं, पुढे मुंबईला चाकरीला गेल्यावर गावावरून '-कर' लावलेलं असतं, आणि तुझ्या दाखल्यावर दुसरंच. समिती या दोन नावांमधला दुवा मागते. म्हणून आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत होते तिथून जनरल रजिस्टरचा उतारा काढ. त्यांचं शिक्षण झालं नसेल, तर त्यांच्या भावाबहिणींचा चालतो, पण मग वंशावळीत ते नातं स्पष्ट दिसलं पाहिजे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, मिळतात. त्यात जात लिहिलेली असते. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर, आडनाव बदलल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. पावसात भिजून पानं चिकटलेली रजिस्टरं शोधायला मुख्याध्यापकांना वेळ लागतो, एका खेपेत उतारा हातात पडेल असं धरू नकोस. अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजच्या पत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडे जातो. सोबत नॉन-क्रिमीलेअर दाखलाही ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेला हवा.

यात पैशाचाही भाग आहे. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. कॉलेजने स्वतः भरायच्या मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे फेरीतली दूरची जागा घराजवळच्या कोट्याच्या जागेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

एवढं करून अंतर उरलं, तर नीट. तुझ्या ७८ चुका उत्तरतालिकेसमोर घेऊन बस आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर लिही: 'न' म्हणजे येतच नव्हतं, 'घ' म्हणजे घाईत चुकलं, 'ठ' म्हणजे ठोकून दिलं. 'ठ'ची फार चिंता नको. चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी पाव गुण पदरात पडतो, त्याने फायदाही नाही आणि तोटाही. लक्ष द्यायचं ते 'घ'वर. चुकलेलं उत्तर बरोबर आलं की चार नाही, पाच गुण वाढतात, कारण वजा झालेला एकही परत येतो. समजा क्रमांकाच्या हिशोबाने तुला ८० गुण कमी पडताहेत, तर ते १६ प्रश्न झाले. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात, ते एनसीईआरटीच्या पुस्तकाबाहेर फारसे जात नाहीत. या १६ पैकी दहा-अकरा तिथूनच निघावेत. आकृत्यांच्या खालची ओळ आणि तक्ते मुलं गाळतात, प्रश्न नेमका तिथून येतो.

म्हणून आमचं मत असं: अंतर १०० गुणांच्या आत असेल, तर बीएस्सी सोडू नकोस. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पाच तास अभ्यास आणि दर रविवारी दुपारी दोन ते पाच पूर्ण पेपर. परीक्षेची वेळ हीच असते आणि जेवणानंतरच्या त्या तीन तासांची सवय अंगात मुरायला लागते. तवसाळ-जयगड फेरीबोटीने दर शनिवारी घरी जात असशील तर रविवारचा पेपर बुडतो, तेव्हा घरी जायचं ते पंधरा दिवसांनी. शिमग्याचे आठ दिवस आधीच हिशोबातून वजा कर. जानेवारीअखेर सलग चार पेपरांत ३० गुणांचीही वाढ दिसत नसेल, तर बीएस्सीच्या परीक्षेकडे वळ. अंतर २०० च्या घरात असेल, तर कॉलेज करून ते भरून निघत नाही. तिथे एक वर्ष पूर्ण द्यायचं किंवा शेजारचा अभ्यासक्रम घ्यायचा, एवढेच मार्ग उरतात. वर्ष दिलंस तर प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि बीएस्सीच्या कॉलेजातून मूळ दाखला आणि गुणपत्रिका प्रवेश रद्द करताना त्याच दिवशी ताब्यात घे.

'फिजिओच' असं तू लिहिलं आहेस. ते जवळून पाहिलं आहेस का? जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून आठ दिवस रोज दोन तास नुसतं बस. गुडघ्याचा सांधा बदललेला एखादा रुग्ण बघ. थेरपिस्ट गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीचा, मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवतात, एक पातं मांडीच्या कडेने खुब्याच्या हाडाकडे, दुसरं घोट्याकडे, आणि आकडा लिहितात: ६५. दुसऱ्या दिवशी ७०. मग तीन दिवस ७० वरच. जिना चढायला ९० च्या आसपास वाक लागतो, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडा जास्त. ओसरीच्या उंच पायऱ्यांच्या घरात परत जायचंय म्हणून त्या आजी दात-ओठ खाऊन गुडघा वाकवतात, रडतात, रागावतात. टॉवेलच्या वळकटीवर गुडघा दाबून धरायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे बघताना तुला कंटाळा आला नाही, पुढचा आकडा जाणून घ्यावासा वाटला, तर हे काम तुझं आहे.

आणि मग शेजारच्या विद्याही बघ, कारण फॉर्ममध्ये तू त्या सगळ्या गाळल्यास. ऑक्युपेशनल थेरपीत अर्धांगवायूनंतर बटण लावणं, भाकरी थापणं, लिहिणं असं रोजचं काम परत शिकवतात, मतिमंद आणि स्वमग्न मुलांबरोबर काम असतं. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात फिजिओबरोबर हेही शिकवलं जातं. केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० ला सुरू झालं, फिजिओथेरपीचं त्यानंतर, १९५२ च्या पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ. फिजिओचा दर्जा वरचा आणि ऑक्युपेशनलचा खालचा ही समजूत निराधार आहे. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांचा बीपीओ, श्रवण आणि वाचादोषांचा बीएएसएलपी हेही पदवीचेच अभ्यासक्रम आहेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था यांच्या जाहिराती स्वतंत्र येतात, तारखा वेगळ्या असतात. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे, तिचा फॉर्म नीटच्या नादात राहून जातो.

प्रश्न: मुलाचा नंबर लागला नाही. एका एजंटने परराज्यातल्या कॉलेजात बीपीटीची जागा 'बुक' करायला दोन दिवसांत ५० हजार मागितले आहेत. तो असंही म्हणतो की हे नको असेल तर दीड वर्षाचा फिजिओथेरपी डिप्लोमा करून मुलगा लगेच दवाखाना टाकू शकतो. काय करावं? — पालक, मालवण

उत्तर: डिप्लोम्याचा विषय आधी संपवू. त्यावर महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय पाटी लावता येत नाही. नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते, २००२ चा तो कायदा आहे. आता त्यावर २०२१ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय आयोगही आला आहे. हा कागदी अडसर नाही. खोलवर शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र हाडात धातूची पट्टी असलेल्या जागी लावलं तर आतून भाजतं. मधुमेहाने पावलाची जाणीव गेलेल्या माणसाला गरम पॅक दिला तर त्याला चटका कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जखम महिनोन् महिने भरत नाही. दीड वर्षात यंत्राची बटणं शिकवतात. यंत्र कुणाला लावायचं नाही हे शिकायला चार वर्षं लागतात.

परराज्यातली पदवी मात्र वाईटच असते असं नाही. बेळगाव-मंगळुरूकडे आपली मुलं वर्षानुवर्षं शिकत आली आहेत. पण दोन दिवसांची मुदत घालणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आधी त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव आणि याच वर्षाची संलग्नता आणि जागांची संख्या बघा. एजंटने मोबाइलवर पाठवलेलं पत्र धरू नका. मग राज्याच्या परिषदेला लेखी विचारा की या विद्यापीठाची ही पदवी नोंदणीसाठी मान्य आहे का. उत्तर लेखीच घ्या. अभ्यासक्रम किती वर्षांचा तेही विचारा: इथे तो साडेचार वर्षांचा चालत आला, राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात पाच वर्षांचा आहे आणि त्यात पूर्ण वर्षाची इंटर्नशिप आहे. जुन्या आकड्यावर खर्चाचा हिशोब केलात तर शेवटच्या वर्षी ओढाताण होते.

त्यानंतर स्वतः जा. रविवारी नाही, कामाच्या दिवशी सकाळी दहाला. पहिल्या वर्षाचं शवविच्छेदन कुठे होतं ते विचारा, तो हॉल दाखवा म्हणा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे की नुसता 'टाय-अप'? असेल तर अस्थिरोग, मेंदूविकार आणि अतिदक्षता विभागात फिजिओची मुलं दिसतात का ते बघा. इमारत झकपक, पण ओपीडीत बाकडी रिकामी, असं असेल तर परत फिरा. रुग्णांना हात लावल्याशिवाय ही विद्या येत नाही.

पैसे फक्त कॉलेजच्या नावाने, पावती घेऊन, आणि सगळ्या वर्षांची फी, वसतिगृह, परीक्षा मिळून आकडा लेखी घेतल्यावर. मूळ कागद एजंटकडे कधीच नाहीत. महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जाहीर असते. त्यावर 'डोनेशन' मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आमचा सल्ला विचाराल तर यंदा घाईने कर्ज काढून कुठेतरी टाकण्यापेक्षा मुलाने एक वर्ष थांबलेलं बरं, पण वर गुहागरच्या मुलीला सांगितलेला हिशोब आधी करून.

प्रश्न: बीपीटीएच झालं, इंटर्नशिप झाली. एमपीटीएचच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, सीईटीत नंबर लागला नाही. परत प्रयत्न करू की दापोलीत छोटं सेंटर टाकू? — वाचक, दापोली

उत्तर: प्रॅक्टिसला एमपीटीएच लागत नाही, परिषदेची नोंदणी लागते. तरी लगेच सेंटर टाकू नका. एक वर्ष अशा रुग्णालयात काढा जिथे अतिदक्षता आणि मेंदूविकाराचे रुग्ण असतात. छातीतला कफ काढणं, व्हेंटिलेटरवरून सुटलेल्याला पहिल्यांदा उभं करणं, अर्धांगाच्या पहिल्या दोन आठवड्यांतला खांदा सांभाळणं, हे तालुक्यात शिकवणारं कुणी नसतं. ते करता करता पुढची सीईटीही देता येते.

मग सेंटर. दहा बाय बाराची खोली पुरते, पण तळमजल्यावरची आणि उंबरा-पायरी नसलेली. अडीच फूट रुंद, साडेसहा फूट लांब कोच, भिंतीला पकडदांडी, आरसा, अर्धा, एक आणि दोन किलोचे वजनपट्टे, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), गोनिओमीटर, टेप, रक्तदाबाचं यंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर एवढ्यावर सुरुवात होते. यंत्रांत आधी टेन्स घ्या, सौम्य विजेने वेदना कमी करणारं. उपचाराचं अल्ट्रासाउंड घेतलंत तर १ आणि ३ मेगाहर्ट्झ दोन्ही असलेलं, कारण १ खोलवर जातं, ३ वरच्या थरात. मणका ताणायचं ट्रॅक्शनचं टेबल पहिल्या वर्षी नको, पैसे अडकतात. खाऱ्या हवेने आणि पावसातल्या दमटपणाने इलेक्ट्रोडच्या पिना गंजतात, वेल्क्रोला बुरशी धरते. रोज रात्री पुसून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. यंत्रांना स्टॅबिलायझर हवाच, वीज ये-जा करते तेव्हा पहिला फटका त्यांना बसतो.

पोट चालतं ते घरच्या भेटींवर. रुग्ण वाडीत असतो, रिक्षा दारापर्यंत येत नाही. एका दिशेची घरं एका दिवशी ठेवा आणि घरातल्या एका माणसाला शिकवून निघा. पहिल्याच भेटीत त्याला दाखवा की अर्धांगाच्या रुग्णाला लुळा हात धरून ओढायचं नाही. खांदा निखळतो, पुढे दुखतो, आणि दुखरा खांदा सगळा व्यायाम बंद पाडतो. उठवताना आधार कमरेला आणि खांद्याच्या पात्यामागे द्यायचा. आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडलेले येतात, बंदरावरचे पाठ धरून येतात. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला असेल, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, तर हात लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, चिठ्ठी देऊन.

प्रश्न: घर बांद्यात, दहावी सावंतवाडीला, बारावी गोव्यात केली. नीट दिली, पण राज्याच्या यादीतून बाद झालो. पुढच्या वर्षी चालेल का? — विद्यार्थी, बांदा

उत्तर: राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, नुसता अधिवास पुरत नाही. अपवाद आहेत ते मुख्यतः बदली होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. गोव्याच्या जागांना गोव्याच्या रहिवासाची अट आड येते. त्यामुळे पुन्हा नीट देऊन हा अडथळा सुटणार नाही. तुमच्यासाठी अभिमत विद्यापीठं, कर्नाटकातली कॉलेजं आणि राष्ट्रीय संस्था हेच दरवाजे उघडे आहेत. कराड, कामोठे, नेरूळ इथल्या अभिमत विद्यापीठांचे फॉर्म त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर स्वतंत्र निघतात, तेव्हा मार्चपासून दर आठवड्याला बघत राहा. धाकट्या भावंडांपैकी कुणी अकरावीला गोव्यात जायच्या विचारात असेल, तर हे त्यांना आजच सांगा.